नितळ डोह

तळेगी गावात नाव एकच होती, सटवा भोयाची. मांजरा नदीच्या अलीकडे तळेगी, पलीकडे कर्नाटक. पूल बराच वरच्या अंगाला होता आणि एसटीने जायचं तर मोठा वळसा पडायचा. त्यामुळे पलीकडच्या बाजाराची माणसं, शेळ्या, मिरचीची पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्याच्या नावेतूनच पार व्हायचं. नाव सागवानी होती. निजामाच्या अखेरच्या काळात ती सटवाच्या बापाने बांधून घेतली होती, आणि या ना त्या वर्षी तिची प्रत्येक फळी सटवाने स्वतः बदलली होती.

जिल्हा नवा झाल्याला चार वर्षं होत आली होती. उस्मानाबाद गेलं, लातूर आलं, कचेरी जवळ आली, एवढा फरक गावाला कळला होता. पाऊस मात्र त्या साली श्रावणातच थांबला. दिवाळीला नदीत कमरेएवढंच पाणी होतं.

त्या दिवाळीत सटवाची मुलगी नीला हिचा दिवाळसण होता. दिवाळसणाला जावयाने घ्यायचं असतं. व्यंकट मात्र मुंबईहून येताना सासऱ्यासाठीच रंगाचे दोन डबे घेऊन आला. तो मूळचा बिलोलीकडचा, जातीने भोईच, पण मासेमारीच्या बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला लागला होता. सटवाच्या बायकोने, गुणाबाईने, औक्षणाचं ताट खाली ठेवलं आणि डब्यांकडे पाहिलं.

"आमी तुमाला अंगठी द्यायची, आन तुमी आमाला डबे?"

"अंगठी ऱ्हाऊ द्या मामी. मागच्या बारीला मामांची नाव वल्हवली मी. म्हशीवर बसून वल्हं मारल्यावानी वाटलं. खालून सगळं शेवाळ."

ते खरं होतं. दरवर्षी नदी उतरली की सटवा नाव काठावर ओढून पालथी घालायचा. तळाला शेवाळाचा जाड थर असायचा आणि त्यात गोगलगायी नि शिंपल्या रुतलेल्या. ते खरवडायचं, फळ्यांच्या फटींत राळेत भिजवलेली कापसाची वात ठोकायची आणि वरून गरम डांबराचा हात मारायचा. उन्हाळ्यात डांबर पाघळायचं, पावसाळ्यात पुन्हा शेवाळ धरायचं. सटवाची साठी जवळ आली होती. भरलेली नाव पलीकडे नेली की त्याचे खांदे रात्रभर ठणकायचे.

"ह्यात काय हाय?" त्याने डबा हलवून विचारलं. डबा आकारापेक्षा फार जड होता.

"तांबं हाय. आन अजून कायबाय जहर. समुद्रात बोटीच्या बुडाला शिंपले धरतात, पार दगडावानी. हा रंग लावला की जितं काहीच चिकटत न्हाई. चिकटलं की मरतं."

"आन माणूस?"

"माणूस कशाला चिकटतोय बोटीच्या बुडाला?" व्यंकट हसला. "लावताना नाकाला फडकं बांधायचं, नंतर हात धुवायचे. वाहत्या पाण्यात कुणाला काय होतंय? समुद्रातल्या सगळ्या बोटी ह्याच रंगाच्या."

सटवाने लगेच हो म्हटलं नाही. भाऊबीज झाल्यावर तो उदगीरला वीरण्णाच्या दुकानात गेला. वीरण्णा लोखंड, रंग, दोरखंड विकायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि गिऱ्हाइकाची टर उडवल्याशिवाय माल न द्यायची सवय. सटवाचं डांबर गेली कित्येक वर्षं त्याच्याकडूनच यायचं.

"डांबर नको? मग काय पाहिजे?"

"पॉलिश कागद. जाड. आन खरवडायला एक पत्री."

"नावेला कागद घासून राहिलास? लगीन ठरलं का काय तिचं?"

सटवाने रंगाचं सांगितलं. वीरण्णा गल्ल्यावरून उठला नाही, पण त्याने ऐकून घेतलं.

"हे बग सटवा, डांबर म्हंजे घरची भाकर. वाईट न्हाई, चांगली न्हाई, पोट भरती. समुद्राचा रंग मी कधी इकला न्हाई, मला त्यातलं कळत न्हाई. जावयानं आणलाय, तर लाव बाबा. न्हाई लावला तर पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागतंय."

हे शेवटचं वाक्य सटवाला पटलं. शिवाय त्याचे खांदे दुखत होते.

कामाला व्यंकटने स्वतः हात लावला. आधी जुनं डांबर पत्रीने खरवडून लाकूड उघडं केलं, कारण डांबरावर हा रंग धरत नाही, खालून काळं वर येतं. मग कागदाने घासलं. फटी नव्याने भरल्या. लाकूड दोन-चार दिवस सावलीत वाळू दिलं. डबा उघडला तेव्हा वर नुसतं तेल दिसत होतं. सगळा जीव तळाला दगडासारखा बसलेला. व्यंकटने बाभळीच्या दांड्याने तो कितीतरी वेळ ढवळला. खालून विटेच्या रंगाचा गाळ वर येत गेला आणि सगळा डबा लालभडक झाला.

"खालचं वर आलं न्हाई तर पैसे पाण्यात," तो म्हणाला. "वरचं नुसतं तेल. जे काम करतंय ते बुडाला बसतंय."

दोघांनी तोंडाला रुमाल बांधून दोन हात दिले. कण्याला आणि पाण्याची रेघ येते तिथे तिसरा. बघायला आलेल्यांनी नावेला नवरीच म्हणायला सुरुवात केली. गुणाबाईने तिला हळदकुंकू लावलं, गावाखालच्या डोहातल्या आसरांना, पाण्यातल्या देवींना, नारळ वाहिला आणि नाव पाण्यात लोटली. पहिल्याच फेरीला सटवाला फरक कळला. वल्हं मारलं की नाव सुटत होती. परत येताना तो एकटाच होता आणि गाणं म्हणत होता, असं पलीकडच्या काठावरच्या लोकांनी सांगितलं.

पण त्या हंगामात फेऱ्या फार झाल्याच नाहीत. संक्रांतीनंतर नदीची धार बोटाएवढी झाली आणि शिवरात्रीच्या आसपास थांबली. माणसं नदीच्या पात्रातून चालत पलीकडे जाऊ लागली. गावातल्या विहिरी एकामागून एक कोरड्या पडल्या. उरला तो गावाखालचा डोह. बहात्तरच्या दुष्काळातही तो आटला नव्हता. गावाचा त्याच्यावर भरवसा होता आणि भीतीही होती, कारण त्यात साती आसरा राहतात असं सगळे मानत. पाळीचं कुणी तिथे जात नसे, मेलेल्याचं काही तिथे धुत नसत.

नदी आटली की भोई नाव उन्हात ठेवत नाहीत. ऊन लागलं की फळ्या आकसतात, फटी उघडतात, खिळे ढिले होतात आणि पुढच्या पावसाळ्यात नाव पाणी धरत नाही. म्हणून नावेत दगड भरायचे आणि उरलेल्या पाण्यात ती काठोकाठ बुडवून ठेवायची. लाकूड ओलं राहतं, फुगलेलं राहतं. सटवाच्या बापाने बहात्तरला हीच नाव याच डोहात बुडवली होती. सटवानेही तेच केलं. भोईगल्लीतल्या चौघांना घेऊन त्याने नाव डोहात नेली, दगड भरले, आणि लाल बूड हळूहळू खाली गेलं. कुणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही. सटवालाही नाही.

होळीला नीला बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा सरला होता. तोवर डोह अर्ध्याहून कमी झाला होता आणि नावेचा काठ पाण्यावर दिसू लागला होता. त्या दिवसांत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. दुष्काळात उरलेलं पाणी हिरवं पडतं, गढूळ होतं, वास मारतं. हा डोह मात्र दिवसेंदिवस साफ होत चालला होता. तळाचे गोटे मोजता यावेत इतका नितळ. शेजारच्या वाडीच्या बायकाही घागरी घेऊन येऊ लागल्या.

"आसरांचं देणं हाय," बायका म्हणायच्या.

लातूरहून पाणी पाहायला एक साहेब आले. सरपंच शेषेराव पाटलांनी गावासाठी टँकर मागितला होता. साहेबांनी डोहाच्या काठावर उभं राहून ओंजळभर पाणी उचललं, उन्हात धरून पाहिलं. "पाटील, अहो अख्ख्या तालुक्यात असं पाणी नाही. ज्यांना चिखल प्यावा लागतोय त्यांना आधी टँकर द्यायचा की तुम्हाला?" त्यांनी गावाला स्वतःचं पाणी आहे असं लिहून घेतलं आणि जीप पुढच्या गावाला गेली.

मग मासे वर आले. मळे, मरळ, लहान-मोठे सगळे, पोट वर करून. गावाने ते टोपल्या भरभरून नेले. दुष्काळात फुकटचं कालवण कुणी सोडत नाही. काहींना उलट्या झाल्या, पण उन्हाळा म्हटल्यावर उलट्या होतातच. "पानी तापलं, मासा घुसमटला," असं जुनी माणसं म्हणाली. सटवाही तसंच म्हणाला. पण त्याने मासे नेले नाहीत. पाणी तापून मासा मरतो तेव्हा तो आधी पहाटे तोंड वर काढून धापा टाकतो. हे मासे तसे मेले नव्हते. ते आधी भिरभिरले होते.

त्या आठवड्यात एका दुपारी जेवताना नीलाने फुलपात्र खाली ठेवलं.

"आई, पाणी कळकलंय."

"पाणी कसं कळकतंय गं? ताक कळकतंय. दही कळकतंय."

"तसंच लागतंय. बिनकल्हईच्या तांब्यात ताक ठिवल्यावानी. जिभंला कसंतरी होतंय."

"घागरीला कल्हई आत्ता तर केली. गरवारपणात तोंडाला चव नसती. पी गप."

सटवाने नीलाचं फुलपात्र उचलून एक घोट घेतला. तोंडात फिरवला. मग ताट तसंच ठेवून तो डोहावर गेला.

नावेभोवती तो गुडघाभर पाण्यात फिरला. नावेजवळच्या गोट्यांवर शेवाळाचा ठिपका नव्हता. गोगलगायी होत्या, पण नुसती कवचं. उचलली की आतून पांढरं पाणी गळायचं. नावेपासून लांब, डोहाच्या टोकाला, गोट्यांवर थोडं पिवळं पडलेलं शेवाळ अजून होतं. नावेचं बूड मात्र लावल्या दिवशी होतं तितकंच लाल आणि साफ होतं. त्याने तळहात फिरवला. हाताला लाल भुकटी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने चौघांना बोलावून दगड काढायला लावले.

"येडा झालास का?" त्यातला एक म्हणाला. "हे ऊन बगितलंस का? आठ दिवसांत टराटरा फाटंल ती."

"फाटू दे."

नाव ओढून वर काढली. पाणी तरी नितळच राहिलं. सटवाने पलीकडच्या शेतातल्या एका खड्ड्यातून जिवंत गोगलगायी आणि दोन पिटुकले मासे आणले आणि डोहाच्या पाण्याने भरलेल्या मडक्यात सोडले. दुसऱ्या मडक्यात खड्ड्याचंच हिरवं पाणी, आणि त्यातही तसेच जीव. दिवस मावळायच्या आत डोहाच्या मडक्यातलं सगळं मेलं होतं, खड्ड्याच्या मडक्यातलं जिवंत होतं. दोन्ही मडकी घेऊन तो शेषेराव पाटलांच्या ओसरीवर गेला.

पाटील झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही मडक्यांत वाकून पाहिलं.

"ह्यात काय दाखवून राहिलास?"

"मालक, हे डोहाचं. हे खड्ड्याचं. माझ्या नावेचा रंग उतरलाय पाण्यात. जहर हाय त्यो. मीच बुडवली नाव. पाणी बंद करा मालक."

"बंद करून काय पाजू? हे हिरवं?"

"हे हिरवं उकळून गाळून पाजा. त्यात जीव हाय."

"सटवा, अरे गोगलगायीला मडक्यात कोंडल्यावर ती मरणारच. आन माणसं कुठं मेली? मी पितोय, माझी नातवंडं पितात."

"मासे मेले."

"मासे दर दुष्काळात मरतात." पाटलांनी पायाने झोपाळा थांबवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन समज तू म्हणतोस ते खरं हाय. मी लातूरला जाऊन काय सांगू? साहेब सोता पाणी बगून गेला. नावेचा रंग उतरला म्हणून टँकर द्या म्हणलं तर हसतील माझ्यावर. बाटली तपासायला औरंगाबादला धाडतील, कागद यायला पाऊस येईल. तवर गाव काय करंल? काही दिसाय तर पाहिजे ना रे डोळ्याला. पाण्याला वास न्हाई, रंग न्हाई. ह्या पाण्याला कोण वाईट म्हणंल?"

सटवा मडकी घेऊन परत आला. भोईगल्लीत त्याने घरोघर सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी घागरी भरून आणल्या. नीलासाठी गुणाबाई खड्ड्याचं पाणी आणू लागली, पण दोन-तीन दिवसांत तो खड्डाही आटला.

मग धनगराच्या मेंढ्या मेल्या. केवळाबाई धनगरणीचा कळप डोहावर पाणी प्यायचा. एका सकाळी तीन मेंढ्या उठल्याच नाहीत. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल. केवळाबाई डोहाच्या वरच्या बांधावर छाती पिटत बसली होती. लोक म्हणाले, चाराच नाही तर काय होणार. सटवाने त्यातली एक मेंढी मागितली.

"कातडं काढणार व्हय?" केवळाबाईने विचारलं.

"न्हाई. मला ती पुरती पायजे."

"ने बाबा. मेल्याचं मी काय करू?"

त्याने मेंढी दिवसभर उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पाणी भरायला जमल्या तेव्हा तो फुगलेली मेंढी खांद्यावर घेऊन बांधावरून खाली उतरला. माश्यांचा घोळका त्याच्या डोक्याभोवती होता. सगळ्यांना आधी वाटलं, तो लांब कुठे पुरायला चाललाय. तो सरळ पाण्यात शिरला. छातीपर्यंत पाण्यात गेल्यावर त्याने मेंढी खाली सोडली, आणि तिला डोहाच्या मधोमध ढकललं.

बायकांनी घागरी जागेवर उपड्या केल्या. कुणीतरी ओरडलं. कुणीतरी पहिला दगड भिरकावला. तो सटवाच्या कानाजवळ लागला. सटवा पाण्यातच उभा राहिला.

"ह्या पाण्याला आता कुणी तोंड लावायचं न्हाई," तो मोठ्याने म्हणाला. "आसरांचा कोप हाय, मेल्याचा विटाळ हाय. काय म्हणायचं ते म्हणा. पाणी बंद!"

पुरुष धावत आले. त्याला ओढून बाहेर काढलं, मारलं. मेंढी दोराने ओढून काढली, पण पाणी विटाळलं होतं. त्या संध्याकाळी एकाही घरात डोहाची घागर गेली नाही. गावाने तो दिवस तहानेत काढला, लहान लेकरं रडून रडून झोपली. पाटलांनी रात्रीच अर्ज लिहून माणूस लातूरला धाडला: जनावर मरून पडल्याने पिण्याचं पाणी नासलं आहे, टँकर मिळावा. हे सगळ्यांना समजणारं कारण होतं. अर्जाला उशीर लागला नाही.

पंचायत बसली. तिथे पाटलांनी मडक्यांचा विषय काढला नाही. सटवानेही काढला नाही. आता पाणी नासलं आहे हे सगळ्यांना पटलं होतं, आणि का नासलं याची कुणाला गरज उरली नव्हती. गावाने ठरवलं की पुढच्या साली नावेचा हक्क सटवाकडे नसेल, आणि त्याच्या घरचं पाणी टँकरवर सगळ्यात शेवटी. नावेचा हक्क काढला तेव्हा कुणीतरी हसून म्हणालं, "नाव तरी कुठं उरलीय?" काठावर नाव पडली होती. उन्हाने तिच्या फळ्या इतक्या उघडल्या होत्या की आरपार नदीची वाळू दिसायची. लाल रंग जागोजाग सोलून निघाला होता.

टँकर आला तेव्हा पाराजवळ अख्खं गाव होतं. पाणी कुठल्यातरी तलावाच्या तळाचं होतं, पिवळट आणि कुबट वासाचं. लोकांनी शिव्या दिल्या आणि भांडून भरलं. गुणाबाई घागर घेऊन लांब एका बाजूला उभी होती. डोक्यावरचा पदर तिने तोंडावर ओढून घेतला होता. पाइपातून शेवटचं पाणी गळायला लागलं तेव्हा टँकरवाल्याने तिला हात केला. तिला अर्धी घागर मिळाली, त्यातही बोटभर गाळ.

घरी नीला भिंतीला टेकून बसली होती. दिवस भरत आले होते, आणि पोटातलं हलतं की नाही हे ती दर थोड्या वेळाने हात ठेवून पाहायची. सटवाच्या कानावर फडकं बांधलेलं होतं. गुणाबाईने घागर खाली ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "घ्या. हे बगा तुमचं पाणी. जनावराला पाजलं तरी लाथ मारंल."

सटवाने फुलपात्रात थोडं पाणी ओतून दाराच्या उजेडात धरलं. गढूळ पाण्यात डासाची एक अळी वळवळत होती. ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने धोतराच्या टोकातून पाणी दुसऱ्या भांड्यात गाळलं, चुलीवर ठेवलं, उकळी आल्यावर खाली उतरवलं आणि थंड होईपर्यंत वारा घालत बसला.

"पी," तो नीलाला म्हणाला.

तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "घाण वास मारतंय, बा."

"मारू दे. कळकलंय का?"

नीलाने जीभ टाळूला लावून पाहिली. "न्हाई," ती म्हणाली.

"मग पी."